शेवटून दुसरी

ताईच्या मुलीला रात्रीतून ताप चढला आणि सकाळी साडेपाच वाजता ताईने मला पांघरुणातून ओढून बाहेर काढलं.

"नाव माझं आहे, पाय तुझे लाव. वर्षभर वाट बघितलीये मी या सायकल-सफरीची, माझी जागा रिकामी जाता कामा नये."

"ताई, मी कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा सायकल काढत नाही!"

"मग आज काढ."

म्हणून साडेसहाला मी डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे उभी होते... हातात ताईची सायकल, नाकातून वाफा, आणि आजूबाजूला तीस माणसं, सगळ्यांच्या पोटऱ्या दगडातून कोरून काढल्यासारख्या. पुढे चाळीस किलोमीटर कच्ची वाट, मधे दोन डोंगर, पलीकडच्या शाळेच्या आवारात शेवट. कडेचं गवत गोठलेल्या दवाने पांढरंफेक पडलं होतं.

सगळ्यांच्या पुढे सफर काढणाऱ्या काकू. साठीच्या, पोहणं शिकवण्यात हयात घालवलेल्या, आणि शिट्टी अजून गळ्यातच. "दोन डोंगर आहेत, फोनला रेंज नाही," त्यांनी जाहीर केलं. "ज्यांना रडायचंय त्यांनी आत्ताच रडून घ्या."

मला खरंच रडू येत होतं. ताई माझ्यापेक्षा चार बोटं उंच, त्यामुळे तिच्या सीटवर बसले की माझे पाय कठड्यावर बसलेल्या पोरीसारखे लोंबत होते. मी सीटचा स्क्रू बोटांनी फिरवायचा प्रयत्न करत होते, तेवढ्यात कोणीतरी माझ्या सायकलशी उकिडवं बसलं. पाना लावला, सीट खाली घेतली, घट्ट केली, आणि वर न बघताच म्हणालं, "बसून बघा."

मी बसले. पाय टेकले. करड्या लोकरी टोपीखाली एक शांत, थोडासा झोपाळू चेहरा होता.

"थँक यू हं..." मी माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले.

तो उठला, पाना खिशात घातला आणि मी तिथे नसल्यासारखा चालता झाला.

"काय शिष्ट माणूस आहे!"

"शिष्ट नाही, शेपूट," काकू हसल्या. "तो सगळ्यात मागे असतो. जो रखडेल त्याच्यामागे हा. तुझी न् त्याची आज चांगली ओळख होणार, असं दिसतंय मला."

काकूंची नजर पक्की होती. पहिल्या डोंगराच्या अर्ध्यावर पुढचे सगळे वळणाआड गेले आणि राहिलो आम्ही दोघंच. मी धापा टाकत, आणि माझ्यामागे वीस पावलांवर त्याच्या चाकांची बारीक टिकटिक. मी थांबले की ती थांबायची. मी निघाले की निघायची.

शेवटी मी उतरले. "तुम्ही पुढे व्हा ना."

"नाही होता येत."

"का?"

"मग शेपूट कोण होणार?"

"पण मागे कोणी असलं की मला धड धापसुद्धा टाकता येत नाही हो!"

तो विचारात पडला. मग खाली उतरून सायकल ढकलत आला आणि माझ्या डाव्या बाजूने चालू लागला. "आता टाका. मी समोर बघतो."

मला हसू आलं. हसताना आणखी धाप लागली. थंडीत दात शिवशिवत होते, पण चढ मघाशी वाटला तितका उभा वाटेना, हेही खरं.

"एरवी काय करता? लोकांच्या मागे लागण्याखेरीज?"

"पूल तपासतो."

"म्हणजे त्याच्याकडे बघत बसता?"

"बघतो. आणि हातोडीने ठोकून ऐकतो. काँक्रीट आतून धड असेल तर खणखणीत वाजतं. आत पोकळ झालं असेल तर आवाज बद्द येतो. मग तिथे खडूने गोल करायचा."

"आणि माणसं? ती कशी ओळखता?"

"माणसांना ठोकून बघायची पद्धत नाही ना..." तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि मग त्याच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. त्या मला आवडल्या. इतक्या लवकर आवडायला नको होत्या.

पुढे एका ठिकाणी डावीकडची कड खचली होती. तो माझ्या उजव्या बाजूला आला. मी विचारलं, "तुम्हाला थंडी वाजत नाही का?"

"अजून दोन किलोमीटर," तो म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. "घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"हो, वर गेल्यावर चहा आहे."

कड संपली. तो पुन्हा माझ्या डावीकडे आला आणि लगेच सगळं नीट ऐकू लागला. मला मात्र उलगडा झाला. कारण मी कानाच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासते, त्यांना कानाची मशीनं बसवते. सकाळचं माझं 'थँक यू' त्याच्या डाव्या कानाशी गेलं होतं, आणि तो कान बंद होता. माणूस शिष्ट नव्हताच.

माथ्यावर दगडांचा एक आडोसा होता. काकूंनी आमच्यासाठी थर्मास ठेवला होता. तो टोपणात चहा ओतत होता, वाफ त्याच्या चेहऱ्यावर जात होती. खाली धुक्यात दुसरा डोंगर बुडालेला होता. इतकं छान चाललेलं होतं... आणि मी तोंड उघडलं.

"डाव्या कानाने कधीपासून ऐकू येत नाही?"

चहा टोपणाबाहेर सांडला.

"तुम्हाला काय करायचंय?"

"माझं कामच आहे ते."

"आज रविवार आहे. कामाला सुट्टी असेल ना?"

त्याने टोपण माझ्या हातात दिलं, थर्मास पिशवीत घातला आणि सायकलपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. चहा मी एकटीने प्यायले. जीभ पोळली. बरं झालं, म्हटलं, आधीच पोळली असती तर बोलली नसती.

उतारावर तो वीस पावलं नाही, चांगली शंभर पावलं मागे राहिला.

डोंगराच्या या अंगाला ऊन येतच नव्हतं. वाटेवर बर्फाचा पातळ पापुद्रा होता, ब्रेक दाबला की चाक घसरायचं. माझी बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबलाय की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. एका वळणाखाली मी थांबले, हातमोजे काढले आणि बोटं काखेत धरून उभी राहिले. माझ्या जरा वर, डावीकडच्या झाडीतून एक उभी वाट येऊन आमची वाट ओलांडून खाली जात होती.

मला आवाज ऐकू आला. ट्रक. लाकडं भरलेला, त्या उभ्या वाटेने खाली येणारा.

वर वळणावर सायकलवरून येणारा तो दिसला. त्यालाही आवाज ऐकू आला असणार, कारण त्याने मान मागे वळवली. एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज कळतो, पण कुठून येतोय ते कळत नाही. हे मी रोज दहा जणांना समजावून सांगते. त्याला वाटलं, गाडी मागून येतेय. तिला जागा द्यायला म्हणून तो डावीकडे सरला... थेट त्या वाटेच्या तोंडाशी!

मी ओरडले. ओरडून उपयोग नाही हे माहीत असूनही ओरडले. मग सायकल टाकली आणि दोन्ही हात हलवत चढावर धावले. त्याने मला पाहिलं. करकचून ब्रेक दाबला. चाकं निसटली, सायकल एकीकडे न् तो दुसरीकडे, आणि त्याच क्षणी ट्रक झाडीतून बाहेर पडून आमच्या दोघांच्या मधून गेला. चालवणाऱ्याला काही कळलंसुद्धा नसेल. लाकडाचा वास तेवढा मागे राहिला.

मी पोचले तेव्हा तो चरात बसला होता. डावा हात पोटाशी धरलेला, गुडघ्यावर पँट फाटून रक्त.

"लागलं?"

"नाही."

मी हाताला नुसता स्पर्श केला तर तो कळवळला. मनगटाच्या वर हाड मोडलं होतं, ते कळायला डॉक्टर लागत नव्हता. गुडघा बघता बघता सुजत होता. मी माझा मफलर सोडला, त्याचा हात त्यात घेऊन गळ्यात बांधला. तो माझ्याकडे बघत होता.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "एका सकाळी उठलो आणि डावीकडे काहीच नव्हतं. दुखलं नाही, खुपलं नाही. कोणाला बोललो नाही... आईलाही नाही."

"का?"

"हातोडी मारून ऐकणारा माणूस मी. एका कानाने ऐकतो म्हटलं तर टेबलाशी बसवतील. आणि शेपूट का होतो, माहितीये? सगळे पुढे असले की सगळे दिसतात. दिसत राहिले की चालून जातं."

मघाशी चहाच्या वेळी मी त्याच्या अशा जागी बोट ठेवलं होतं. "मी तिथे विचारायला नको होतं," मी म्हणाले. "निदान चहा तरी होऊ द्यायचा होता."

तो हसला. हसताना हात हलला आणि त्याने डोळे मिटले.

दीड वाजला होता. चार वाजेपर्यंत आम्ही पोचलो नाही तर गाडी मागे पाठवायची असं ठरलेलं. म्हणजे अडीच तास, वर गाडी इथे यायला लागेल तो वेळ. आणि घामाने भिजलेले कपडे त्याच्या अंगावर गार पडत चालले होते. बोलताना त्याचे दात वाजू लागले.

"तू जा," तो म्हणाला. 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं.

"मी? मी शेवटून दुसरी आहे! त्यात एक डोंगर राहिलाय अजून."

"बारा किलोमीटर. वाट एकच आहे."

"आणि तुम्हाला इथे एकटं सोडू?"

"माझ्यामागे कधीच कोणी नसतं. सवय आहे मला."

"आज पुढेही कोणी राहणार नाही, मी गेले तर."

मी त्याला पाल्याच्या ढिगावर बसवलं, माझं जाकीट काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. तो नको म्हणत होता. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाले, "गप्प बसा." आणि निघाले.

त्या बारा किलोमीटरांबद्दल मला फार काही सांगता येणार नाही. आठवतात ते तुकडे. चढावर चेन निसटली आणि ती चढवताना बोटांना वंगण न् रक्त सारखंच लागलं. स्वेटरमधून वारा आरपार जात होता. पोटऱ्यांत गोळे आले तेव्हा मी उतरून ढकलत पळाले, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. एकदा पडले. पडल्यावर तिथेच दोन मिनिटं पडून राहावंसं वाटलं, आणि डोळ्यांसमोर तो आला, पाल्यावर बसलेला, टोपी कानावर ओढून घेणारा. उठले. आयुष्यात कुठल्याच शर्यतीत मी कधी कोणाला मागे टाकलं नव्हतं, आणि आज एका माणसाला मागे टाकून चालले होते म्हणून जीव तुटत होता. आदल्या दिवशीपर्यंत मला तो माहीतही नव्हता!

माथ्यावरून शाळेचं लाल छप्पर दिसलं. उतारावर मी ब्रेक लावला का, ते खरंच आठवत नाही.

आवारात सगळे उन्हात पाय पसरून बसले होते. मला बघून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकू उठून उभ्या राहिल्या. "शेपूट कुठाय?"

मी सांगितलं. काकूंनी शिट्टी वाजवली, दोन घोंगड्या गाडीत फेकल्या आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. मला म्हणाल्या, "तू थांब, तुझे ओठ बघ निळे पडलेत." मी तोवर गाडीत चढून बसले होते.

आम्ही पोचलो तेव्हा तो तसाच होता. फक्त जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली.

"किती वेळ लागला तुला?" त्याने जड जिभेने विचारलं.

"एक तास दहा मिनिटं."

"शक्य नाही. तुला दोन तास लागायला हवेत."

"मग थांब इथे, आणखी पन्नास मिनिटांनी परत येते!"

तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीने असेल. परतीच्या वाटेवर मागच्या बाकावर एका घोंगडीत आम्ही दोघं बसलो होतो. गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळत होती, आणि त्याचा धड हात माझ्या हातात होता. कोणी कोणाचा धरला, यावर पुढे बरीच भांडणं झाली. काकूंनी मान वर करून समोरचा आरसा जरा वर वळवला.

हॉस्पिटलच्या दारात त्याला स्ट्रेचरवर घेताना मी म्हणाले, "कान दाखवायला आमच्याकडे ये. पत्ता ताई देईल."

"बघू," तो म्हणाला.

'बघू' म्हणजे नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

बारा दिवस काही नाही. ताईकडे त्याचा नंबर होता, तो तिने मला तीन वेळा वाचून दाखवला. "कर की फोन. चाळीस किलोमीटर सायकल मारलीस, दहा आकडे दाबवत नाहीत?" पण कान त्याचा होता. त्यासाठी त्याचं त्यालाच यायला हवं होतं. दुसरं कारणही होतं, ते मी ताईला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती... चरात बसलेला माणूस दुखण्यात काहीही बोलतो, उन्हात आल्यावर विसरतो.

तेराव्या दिवशी मी पुढच्या पेशंटचा कागद उचलला आणि दाराशी तो. हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात काठी, आणि मागे एक ठेंगणी, काळजीने ओढलेल्या चेहऱ्याची बाई.

"ही माझी आई," तो म्हणाला. "हिला काल सांगितलं."

"दोन वर्षं मी याला डावीकडून हाका मारतेय," आई म्हणाल्या. "मला वाटायचं, दुर्लक्ष करतो. किती बोलले मी याला..."

आई बाहेर बसल्या. मी त्याला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. "आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. कितीही बारीक असला तरी. तुम्हाला वाटला तरी दाबा."

"आपण 'तू'वर आलो होतो ना?"

"या खुर्चीत बसलेला माणूस 'तुम्ही'च असतो."

उजवा कान लख्ख होता. मग डावा. मी काचेतून त्याच्याकडे बघत आवाज वाढवत गेले. तो डोळे मिटून, अंगठा बटणावर ठेवून बसला होता. आणखी वाढवला. अंगठा हलला नाही. मी शेवटपर्यंत नेला. त्याने डोळे उघडले, काचेतून माझा चेहरा पाहिला, आणि अंगठा बाजूला घेतला.

डॉक्टरांनी तपासून जे सांगितलं ते त्याला पुन्हा नीट समजावणं माझ्याकडे होतं. मी काही लपवलं नाही. तो कान परत येणार नव्हता. त्या पहिल्या आठवड्यात तो आला असता तर औषधाने कदाचित काही वाचलं असतं... कदाचित. नक्की कोणीच सांगू शकत नव्हतं. पण डावीकडचा आवाज उचलून उजव्या कानाकडे पोचवणारं मशीन होतं. दिशा फारशी कळणार नाही, हाक मात्र कळेल.

तो कागदावरची त्याच्या डाव्या कानाची रेघ बघत होता.

"ऑफिसात सांगितलं मी," तो म्हणाला. "काढलं नाही. पण हातोडी आता दुसरा मारतो, ऐकतोही तोच. मी बघतो, खडूने गोल करतो. परवा पुलाखाली उभा राहिलो काठी टेकून... फार रिकामं वाटलं गं."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग काढून घेतला, फाईल बंद केली आणि तिच्यावर माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं नाव लिहिलं.

"हे काय?"

"यापुढे तुमचं सगळं त्या बघतील. माझ्यापेक्षा हुशार आहेत."

त्याचा चेहरा पडला. "का? मी काही चुकीचं..."

"कारण पेशंटबरोबर मी बाहेर चहा प्यायला जात नाही," मी फाईलकडे बघत म्हणाले. "आणि मला जायचंय."

तो उठला, काठी विसरून दोन पावलं चालला, परत आला, काठी घेतली. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आलो. तिथे त्याची आई होती, आणि दहा-बारा म्हातारी माणसं आपापल्या मशीनांची वाट बघत बसली होती. सगळं शांत, कारण कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं.

तो दाराशी थांबला. अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "त्या तासाभरात मी एवढंच मनात म्हणत होतो... ही परत आली की सांगायचं. मग गाडीत काकू होत्या. मला तू आवडतेस. फार. माझ्याशी लग्न करशील?"

आणि कोपऱ्यातले आजोबा, ज्यांना त्या दिवशी सकाळीच मी नवीन मशीन बसवलं होतं, ताडकन ताठ बसले.

"अगं, ऐकलंस का?" ते शेजारच्या आजींच्या कानात ओरडले. "हा मुलगा या बाईंना लग्नाचं विचारतोय!"

"काय म्हणाल्या त्या?" आजींनी तितक्याच मोठ्याने विचारलं.

"हो म्हणाल्या!"

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. पण खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, त्याची आई उठून उभी राहिली होती, आणि आजोबांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी काहीतरी धड ऐकल्याचा आनंद असा काही पसरला होता... की त्यांना खोटं पाडणं मला काही जमलं नाही.